थरच्या वाळवंटातून एकट्याने: पक्ष्यांच्या वेळेवर बेतलेला प्रवास

ताल छापर, बिकानेर, खीचन आणि जैसलमेर असा राजस्थानच्या वाळवंटातला प्रवास मी हिवाळ्यात एकट्याने गाडी चालवत केला. यातला प्रत्येक टप्पा साधारण सव्वाशे ते पावणेदोनशे किलोमीटरचा असल्याने अंतराची चिंता नव्हती. प्रश्न वेळेचा होता. गाडी चालवणारा आणि पक्षी पाहणारा एकच असला की धावत्या गाडीतून आकाशाकडे पाहता येत नाही. म्हणून मी आधी पक्ष्यांचा दिनक्रम मांडला आणि रस्त्यासाठी दुपार राखून ठेवली. ऊन चढल्यावर जमिनीलगतची हवा थरथरू लागते, तेव्हा दुर्बिणीतून दूरचा पक्षी ओळखणे तसेही अवघड असते. अंधारात गाडी काढायची नाही, हे मात्र आधीपासूनच ठरलेले होते, कारण उंट आणि गायी रस्त्यावर येतात आणि उत्तरेकडच्या भागात पहाटे दाट धुके पडते.

ताल छापरला मी संध्याकाळ दिली. काळविटांसाठी प्रसिद्ध असलेल्या या अभयारण्यात हिवाळी पाहुणे असलेले भोवत्ये (हॅरियर जातीचे शिकारी पक्षी) रात्री झाडावर न बसता गवतातच विसावतात, त्यामुळे सूर्य कलल्यावर ते कमी उंचीवरून संथ घिरट्या घालत येताना दिसतात. बिकानेरजवळच्या जोडबीडला याउलट सकाळ उलटल्यावर पोहोचणेच सोयीचे, कारण गिधाडांना वर चढण्यासाठी तापलेल्या हवेचे झोत लागतात. मेलेली जनावरे टाकण्याच्या या जागी दुर्गंधी आहे, मोकाट कुत्रीही आहेत. पण जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने भारतातील गिधाडांचा जो संहार केला आणि ज्यामुळे २००६ साली त्या औषधावर बंदी आली, तो माहीत असणाऱ्याला इतकी गिधाडे एकत्र पाहून भरून येते. इथे मी गाडीतून उतरलो नाही. एकट्याच्या सुरक्षेसाठी ते योग्य होतेच, शिवाय माणूस पायी दिसला की उडून जाणारे पक्षी थांबलेल्या गाडीला फारसे बिचकत नाहीत.

फलोदीजवळच्या खीचनला आदल्या संध्याकाळीच मुक्कामी पोहोचावे, असे मी आग्रहाने सांगेन. मध्य आशियातून येणारे कांड्या करकोचे, ज्यांना तिथले लोक कुरजां म्हणतात, सकाळी गावावर घिरट्या घालतात, बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर जमतात आणि मगच चुग्गाघरात, म्हणजे त्यांच्यासाठी दाणे टाकलेल्या आवारात, दाणे टिपायला उतरतात. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या पाहुणचारात मी केवळ पाहुणा होतो, म्हणून त्यांनी दाखवली तिथेच उभा राहिलो. दाणे संपले की करकोचे तलावांकडे जातात, आणि तिथे ते दिवसभर निवांत पाहता येतात.

जैसलमेरला सर्वाधिक पूर्वतयारी लागली. डेझर्ट नॅशनल पार्कमधील प्रवेशासाठी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते आणि सीमेलगतच्या भागासाठी वेगळी परवानगी असते. मुख्य रस्ता सोडताना टाकी भरलेली, पाणी भरपूर आणि परतण्याची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी सांगितलेली, एवढे मी कटाक्षाने पाळले. मऊ वाळूत चाक रुतले तर ढकलायला दुसरे कोणी नसते, म्हणून टणक वाटेबाहेर गाडी घातली नाही. फावडे मात्र सोबत होते.

याच उद्यानातल्या सुदासरीच्या सेवण गवतात सकाळच्या तिरप्या उन्हात मला माळढोक दिसला. सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्याचे नाव ऐकत वाढलेल्या मराठी पक्षिनिरीक्षकाला त्या क्षणाचे मोल वेगळे सांगायला नको. पण त्याच परिसरात विजेच्या तारा पाहताना मन धास्तावते. माळढोकाला सरळ समोरचे कमी दिसते आणि जड शरीरामुळे ऐन वेळी वळता येत नाही, त्यामुळे तारांवर आदळून तो मरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली या तारा जमिनीखालून नेण्याविषयी व्यापक आदेश दिला. २०२४ साली त्यात बदल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. पक्ष्यांना तार दिसावी म्हणून टांगलेल्या चकत्या काही तारांवर होत्या, काहींवर नव्हत्या. बिनचकतीच्या तारांच्या जागा मी वहीत टिपल्या आणि परतताना वनविभागाच्या चौकीत दिल्या. माळढोकाचे नेमके ठिकाण मात्र इतर कोणालाही सांगितले नाही.