विजापूर राइड, किलोमीटरला दोन रुपये आणि वेडी बाभूळ

शाळकरी मुलींच्या सायकलींसाठी पैसे गोळा करायला आमच्या ग्रुपची सायकल राइड ठरल्यापासून सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न म्हणजे, "पैसेच गोळा करायचेत ना, मग सायकल कशाला हाणायची एवढी लांब?" ऑफिसात विचारलं, माहेरी विचारलं, आणि खालच्या मजल्यावरच्या मावशींनी तर तोंडावरच सांगितलं, "तुझ्या त्या एका सायकलच्या पैशात आमच्या गावाकडच्या चार पोरी शाळेला जातील की गं." मुद्दा खोटा नाही, वाद घालण्यात अर्थच नव्हता. पण याच मावशी दरवर्षी कोजागिरीला पायी तुळजापूरला जातात, गुडघे दुखत असताना, एसटी आहे वडाप आहे तरी चालतच. मी म्हटलं, मग तुम्ही पायी का जाता? हसल्या आणि देणगीच्या यादीत नाव लिहून गेल्या, मी चालवीन त्या दर किलोमीटरला दोन रुपये. सोलापुरात हे फार समजावून सांगावं लागत नाही. नुसतं पावती पुस्तक घेऊन दारात उभं राहिलं तर लोक "साहेब घरी नाहीत" म्हणतात, आणि तेच लोक आम्ही अंगाला त्रास देणार म्हटल्यावर स्वतःहून विचारतात, कधी निघताय, कुठवर जाणार, पूर्ण केली तरच पैसे देणार बरं का!

तर सोलापूर ते विजापूर आणि परत, म्हणजे दोनशे किलोमीटर, एका दिवसात. विजापूरचं विजयपूर होऊन किती वर्षं झाली पण आपल्याकडे रोडही विजापूर रोड, नाकाही विजापूर नाका, वेसही विजापूर वेस, त्यामुळे मी तेच लिहिणार.

पहाटे पाचला चार हुतात्मा चौकातून निघालो, तीसेक जण, जानेवारीची थंडी. संभाजी तलाव, सोरेगाव मागे पडलं की दिवे संपतात आणि मग पुढच्याचा लाल लाइट बघत चालवायचं. आमचा नियम साधा आहे, दोघा-दोघांची रांग, सगळ्यात पुढच्या जोडीनं दहा मिनिटं वारा खायचा आणि बाजूला होऊन मागं यायचं, शेवटी स्वीप, म्हणजे कुणी मागं राहत नाही ना हे बघणारा, त्याच्या मागं सपोर्ट गाडी. वेग दुप्पट केला तर हवेचा अडथळा चौपट होतो, म्हणून मागं चिकटून चालवणाऱ्याची ताकद पाव हिस्सा तरी वाचते. ग्रुप राइडमधलं खरं राजकारण हेच, कोण पुढं जातो आणि कोण बरोब्बर नंबर आला की बाटलीतलं पाणी प्यायला लागतो. नावं घेत नाही. ते वाचतायत.

हा रस्ता म्हणजे तोच एनएच 52, ज्याच्यावर 2021 च्या फेब्रुवारीत 25.54 किलोमीटरची एक लेन 18 तासांत टाकली म्हणून सगळीकडे बातम्या आल्या होत्या. रस्ता आहेच झकास, पण कडेची पट्टी ही वेगळीच चीज आहे. उसाच्या ट्रॉल्या सुरू असतात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन, स्पीकर फुल, मागं एक लाइट नाही. यंदा सपोर्ट गाडीत रिफ्लेक्टर टेपचे रोल घेतले होते आणि चहाला जिथं जिथं ट्रॉल्या उभ्या दिसल्या तिथं ड्रायव्हरला विचारून मागच्या फळीला चिकटवल्या. एकानं तर विचारलं, "ट्रॅक्टरला पण लावा की पुढनं, भारी दिसंल."

टाकळीला भीमेवर धुकं होतं. आपल्या नळाला काही दिवसांआड जे पाणी येतं त्यातलं काही इथूनच उचलतात, त्यामुळे पुलावर एक जण ओरडलाच, "आमच्या सोसायटीचा नंबर कधी हो?" पूल ओलांडला की धूळखेड, कर्नाटक, पाट्या कन्नड. सोलापूरकराला त्याचं काय, अर्ध्या ग्रुपच्या घरात कन्नडच बोलतात. "येल्ली होंटीरी?" (कुठं निघालात?) असं चहावाल्यानं विचारलं आणि आमच्यातल्या तिघांनी एकदम उत्तर दिलं.

पंक्चर झालं झळकीच्या अलीकडे, आणि नेमकं ग्रुपमधल्या सगळ्यात महागड्या सायकलचं. कारण अर्थातच वेडी बाभूळ. नवीन ट्यूब घातली, हवा भरली, पाच मिनिटांत परत फुस्स. मग कळलं की काट्याचं टोक टायरमध्येच मोडून बसलंय, बाहेरून दिसत नाही, आतून बोट फिरवलं की टोचतंय, पण नखात येत नाही. आम्ही मल्टिटूल काढतोय, कुणी नेलकटर काढतंय, तेवढ्यात शेरडं राखणारे एक आजोबा येऊन बसले, थोडा वेळ बघितलं आणि करदोड्याला बांधलेला चिमटा सोडला. ती एकच कडी, तिच्यात चिमटा, कानकोरणं, दातकोरणं. टायर उलटा केला, काटा असा अलगद धरून ओढला, तळहातावर ठेवून दाखवला. तांदळाच्या कणीएवढा होता! यावर आमचं अर्ध्या तासाचं शेड्यूल गेलं होतं.

मला हे एवढं लांबण लावून सांगायचं कारण म्हणजे ज्यासाठी ही राइड होती ते कामच या काट्याचं आहे. वस्तीवरून हायस्कूलला चार-पाच किलोमीटर चालत येणाऱ्या मुलींना सायकली मिळतात, शासनाकडून मिळतात, देणगीदार देतात, फोटो होतो, पेपरात येतो. सहा महिन्यांनी एका वस्तीवर गेलो तर निम्म्या सायकली भिंतीला टेकलेल्या. काही मोठं बिघडलेलं नव्हतं हो, पंक्चर! पंक्चरचं दुकान शाळेच्याही पलीकडे, बाजाराच्या गावात, तिथवर सायकल ढकलत कोण नेणार, वडील ऊसतोडीला गेलेले. एकीचा कटर पिन झिजून पायडल लटलटत होतं, एकीच्या रिमला डुग आलेला, म्हणजे रिम वाकडी झालेली. बस. मुलगी परत चालत.

म्हणून यंदा ग्रुपमध्ये मी भांडून घेतलं की नव्या सायकली नकोत. सगळ्यांना नाही पटलं, एकानं म्हटलं पॅचच्या डबीसोबत फोटो काय काढायचा. पण ठरलं. पैशातून शाळेत उभा पंप, ट्यूबा, ब्रेक रबर, चाकाच्या तारा, बेअरिंगच्या गोळ्या, आणि आमचे मिस्त्री महिन्यातून एक शनिवार येऊन सायकली खोलून ओव्हरॉइल करणार आणि आठवी-नववीच्या मुलींना पंक्चर काढायला शिकवणार, त्यांची मजुरी त्यातूनच. पॅच चिकटवायच्या सोल्युशनच्या ट्यूबा मात्र थोड्या-थोड्याच न्यायच्या, एकदा फोडली की आपल्या उन्हाळ्यात चार दिवसांत वाळून जाते.

बाकी राइडचं सांगायचं तर विजापूर आपल्यापेक्षा शंभरेक मीटर उंचावर आहे, भीमा सोडली की हळूहळू चढ, जाणवत नाही पण मांड्यांना कळतं. गोल घुमट लांबूनच दिसायला लागतो आणि जवळ काही येत नाही. 1656 चं काम, 44 मीटर व्यासाचा घुमट, मधे एक खांब नाही. सात मजले चढून कुजबुज गॅलरीत जायचं दोघांनाच सुचलं, बाकीचे हिरवळीवर आडवे. खानावळीत ज्वारीची रोट्टी, एण्णेगाई (भरलं वांगं), शेंगा चटणी (आपली जास्त चांगली, हे तिथं बोललो नाही) आणि ताक.

येताना उत्तर-पूर्वेचा वारा तोंडावर, जाताना पाठीवर होता म्हणून कुणाला कळलाच नव्हता. होर्तीनंतर गप्पा बंद. भीमेच्या उतारावर जरा बरं वाटलं. दोघे गाडीत बसले, उरलेले अंधार पडल्यावर नाक्यावर पोचलो. मावशींनी मोबाइलवरचा आकडा चश्मा लावून तपासला, दोनशेच्या वर तीन किलोमीटर जास्त निघाले, त्याचेही सहा रुपये सुट्टे मोजून दिले.

पहिला शनिवार पुढच्या आठवड्यात आहे. घरी पार्किंगमध्ये जुनी लेडीज सायकल पडून असेल तर फेकू नका, गंजलेली चालते, स्पेअरला होते. 22 इंची ट्यूब देणार असाल तर आधी विचारा, त्या भरपूर आल्यात, 24 च्या कमी आहेत.