हेला म्हणजे कोण?

आज लॅबमध्ये नव्या मुलीला पेशींचं मीडियम, म्हणजे त्या ज्यात वाढतात तो पोषक द्रव, बदलायला शिकवत होते. ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमधून फ्लास्क काढला, गुलाबी मीडियम पिवळट पडलेलं. लेबल वाचून तिने विचारलं, "ताई, हेला म्हणजे काय?"

काय नाही गं, कोण! हेन्रिएटा लॅक्स, पाच मुलांची आई. १९५१ मध्ये बाल्टिमोरला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर उपचार चालू असताना डॉक्टरांनी तिच्या गाठीचा तुकडा घेतला, तिला न विचारता. त्याच वर्षी ती गेली, अवघ्या ३१ व्या वर्षी. त्या तुकड्यातल्या पेशी लॅबमध्ये अजून वाढताहेत, तिच्याच नावावरून त्यांना हेला म्हणतात. पोलिओची लस तपासायलाही त्याच वापरल्या. घरच्यांना कळलं वीसेक वर्षांनी.

मला हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं, याचं फार वाईट वाटतं. मुलगी मायक्रोस्कोपला डोळे लावून कितीतरी वेळ गप्पच होती.