तशी चालते

जुनी गाडी एका दिवसात मरत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. बल्ब जातो तशी ती एका संध्याकाळी गेली असती, तर थोडी हळहळ करून माणूस नवी बघायला लागला असता. पण गाडी सुट्या भागांची बनलेली असते आणि सुट्या भागांनीच जाते. आज मागची काच खाली गेली ती वर येईना. मग एसी नुसताच वारा घालायला लागला. मग डिकीचं कुलूप किल्लीला ओळख देईना. यातल्या एकेका कारणासाठी कोणी गाडी काढून टाकत नाही. काच बिघडली म्हणून गाडी भंगारात दिली असं सांगितलं तर लोक हसतील. आणि सगळ्या दुखण्यांची बेरीज करायला कोणी वही घेऊन बसत नाही.

त्यात मेकॅनिक म्हणजे मुळातच आशावादी माणूस. दाराखालच्या पट्टीला गंज धरला तेव्हा तो म्हणाला, "ताई, पत्र्याचं सोडा, इंजिन बघा. ठणठणीत आहे." पुढे इंजिनच कुरकुरायला लागलं तेव्हा त्याने बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "असा पत्रा आता मिळत नाही." दोन्ही वाक्यं त्या त्या दिवशी खरीच होती, म्हणून तर त्याच्याशी भांडताही येईना.

गाडीचं दुखणं धुरावरून ओळखतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. धूर काळा असेल तर इंधन जास्त आणि हवा कमी. पांढरा असेल, आणि इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय, बहुधा ते अडवणारं हेड गॅस्केट गेलेलं. निळसर असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्हची सिलं गेली. आमचा निळा होता. निळा धूर हा तिघांतला सभ्य. तो रस्त्यात थांबवत नाही, फक्त गाडी ऑइल खाते. मग डिकीत ऑइलचा डबा आला, डब्याबरोबर नरसाळं आलं, नरसाळ्याबरोबर पुसायचं फडकं आलं. इतका संसार डिकीत मांडल्यावर गाडी बिघडली आहे असं वाटेनासंच झालं. तिला ऑइल लागतं, एवढंच.

मग एका सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टिक-टिक. डॅशबोर्डवरचे दिवे लागत होते, रेडिओ वाजत होता, पण इंजिन फिरेना. बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येक साधारण दोन व्होल्टचं. पूर्ण चार्ज असली तर मीटरवर 12.6 च्या आसपास दिसतं, एक घर बसलं की साडेदहा. साडेदहावर गाणी ऐकता येतात, गाडी सुरू करता येत नाही. नवी बॅटरी टाकली. आणि नवी बॅटरी टाकल्यावर गाडी लगेच कशी काढायची? त्या बॅटरीचा पैसा तरी वसूल व्हायला हवा. तो वसूल होत आला तोवर पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले होते. टायर टाकले, आता टायर नवे. त्यानंतर क्लच प्लेट. गाडी न काढण्याची कारणं आपण अशी हप्त्याहप्त्याने विकत घेत असतो, आणि प्रत्येक वेळी गॅरेजमधून बाहेर पडताना शहाणपणाचा निर्णय घेतल्याचं समाधान असतं ते वेगळंच.

पण पैशाचा हिशेब हे वरवरचं झालं. मला ती गाडी सोडवत नव्हती, त्याचं खरं कारण मी बराच काळ कोणाला सांगितलं नाही. कारण थोडं हास्यास्पद आहे. मी त्या गाडीतली एकमेव तज्ज्ञ होते.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायचं तर हँडल ओढण्याआधी दार गुडघ्याने किंचित आत दाबावं लागे. किल्ली फिरवायची ती एका दमात नाही. आधी अर्ध्यावर थांबायचं, मागच्या सीटखालून येणारा पेट्रोल पंपाचा गुंsss आवाज ऐकायचा, तो शांत झाला की पुढे फिरवायची. पेट्रोलचा काटा पाव टाकीपर्यंत खरं बोलायचा, त्याखाली मात्र आपल्या मनाला येईल ते. वायपर दुसऱ्या वेगावर चालत नसे, पहिल्या आणि तिसऱ्यावर चाले, म्हणून पाऊस मध्यम असला की पंचाईत. आणि रिव्हर्स! रिव्हर्स सरळ टाकायला गेलं की गिअरबॉक्समधून असा करकराट यायचा की रस्त्यावरची माणसं वळून बघत. क्लच पूर्ण दाबायचा, आधी दुसरा गिअर टाकायचा, न्यूट्रलला यायचं, मग रिव्हर्स. मग तो लोण्यासारखा पडे.

हे सगळं मला कोणी शिकवलेलं नव्हतं आणि कुठल्या मॅन्युअलमध्ये छापलेलं नव्हतं. कंपनीने बनवली तेव्हा ती इतर हजारो गाड्यांसारखीच असणार. झिजत झिजत ती वेगळी झाली. नवी गाडी कोणीही चालवतं, ही फक्त मलाच चालवता येत होती. घरातल्या कोणी किल्ली मागितली की मी तोंडी सूचनांचं असं पुराण लावायचे की निम्म्या वेळा समोरचा म्हणायचा, "राहू दे, रिक्षाने जातो." मला वाईट वाटायला हवं होतं, पण तसं वाटत नसे. एखाद्या विषयात आपल्याइतकं कोणालाच कळत नाही, हे सुख आयुष्यात फार कमी वेळा वाट्याला येतं. आणि गाडी गेली की हे ज्ञान दुसऱ्या दिवशी शून्य किमतीचं. ते कुठल्या दुसऱ्या गाडीला लागू पडत नाही, कोणाला शिकवता येत नाही, त्यावर गप्पासुद्धा मारता येत नाहीत.

आधी विकून बघू म्हटलं. गाडी विकताना माणसाची भाषा कशी बदलते हे ऐकण्यासारखं असतं. जे दुखणं मेकॅनिकला आपण नक्कल करून, तोंडाने आवाज काढून सांगतो, तेच गिऱ्हाइकासमोर "थोडं किरकोळ काम आहे" होतं. गिऱ्हाईकही कसलेलं असतं. ते बॉनेट नंतर उघडतं, आधी खाली वाकून गाडी उभी होती तिथली जमीन बघतं. जमिनीवर ऑइलचे ठिपके असतील तर त्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. आमच्याकडे आलेल्या एका तरुणाने गाडीला एक फेरी मारली, बसायला म्हणून हँडल ओढलं, दार उघडेना. मी लगबगीने पुढे जाऊन गुडघ्याची युक्ती दाखवली. तो माझ्या गुडघ्याकडे बघत राहिला. नंतर त्याचा फोन आला नाही.

न विकता नुसती ठेवून द्यावी, असा एक विचार प्रत्येकाच्या मनात येतो. अधूनमधून सुरू करू, काय मागतेय? पण उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. पेट्रोल काही महिन्यांत शिळं होतं आणि त्याचा चिकट थर इंधनाच्या वाटा धरतो. ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. काहीही चालू नसलं तरी घड्याळ, अलार्म बॅटरी चोखत राहतात. आणि उंदरांना बॉनेटखालची ऊब, वायरींची आवरणं दोन्ही आवडतात. ज्याला आपण सांभाळून ठेवणं म्हणतो ते खरं तर डोळ्यांसमोर सडू देणं असतं, फक्त त्यात कोणाला काही ठरवावं लागत नाही.

शेवटी भंगार. तिथला हिशेब एकदम कोरडा. गाडीच्या वजनात निम्म्याहून बरंच जास्त लोखंड आणि पोलाद, तेव्हा भाव वजनावर. नवे टायर, नवी बॅटरी, नवी क्लच प्लेट हे सगळं माझ्या आठवणीत. नियमाने काम करणारे लोक आधी गाडीतली द्रवं काढून घेतात: इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, उरलेलं पेट्रोल. एसीतला गॅस यंत्राने ओढून घ्यावा लागतो, कारण कित्येक गाड्यांत असलेला आर-134ए हवेत सुटला तर तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. एअरबॅगमध्ये स्फोटक भरलेलं असतं, तेही आधी निकामी करतात. मग श्रेडर. आख्खी गाडी आत, मुठीएवढे तुकडे बाहेर. चुंबक लोखंड वेगळं काढतं, बाकीच्यातून अ‍ॅल्युमिनियम, तांबं. फोम, कापड, रबर यांचा जो चुरा उरतो त्याचं काय करायचं हा जगभरचा डोकेदुखीचा विषय आहे.

सगळ्यात जास्त भाव असलेली वस्तू मात्र मी कधी पाहिलीच नव्हती. सायलेन्सरच्या वाटेवर, गाडीच्या पोटाखाली, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं, आणि त्यांच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप. सगळं मिळून वजन काही ग्रॅम. एवढी वर्षं मी वरचा पत्रा पुसत होते आणि ऐवज खाली धुळीत होता. भंगारवाल्याने पहिल्यांदा तिथेच वाकून बघितलं, माझ्या पॉलिशकडे ढुंकूनही नाही.

2009 मध्ये अमेरिकेत जुन्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्या मोडीत काढायला सरकारने पैसे दिले होते. त्यात गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून इंजिनमधलं ऑइल काढून सोडियम सिलिकेटचं पाणी भरायचे आणि इंजिन चालू ठेवायचे. काही मिनिटांत ते जॅम व्हायचं. माझ्या इंजिनाला तसं मरण नको, असं मला वाटून गेलं. श्रेडरचं चालतं आणि हे का चालत नाही, याला उत्तर नाही. उलट 1960 मध्ये पॅरिसमध्ये सेझार नावाच्या शिल्पकाराने दाबयंत्रात चेपलेल्या गाड्यांचे ठोकळे प्रदर्शनात मांडले होते आणि लोक खवळले होते. मला तो ठोकळा चालला असता. पण तो ठेवायचा कुठे?

गाडी रिकामी करायला एक दुपार गेली. सीटखाली सुटी नाणी, वाळलेलं पेन, एकाच कानातलं डूल, आणि पार्किंगच्या पावत्या, ज्यांच्यावरची शाई इतकी उडाली होती की आपण कुठे कशाला गेलो होतो ते कळू नये. याबद्दल भावुक लिहिण्याची पद्धत आहे, पण खरं सांगायचं तर त्यातलं बहुतेक सरळ कचऱ्यात गेलं. डूल ठेवलं. डिकीतलं नरसाळंही.

कागदपत्रांचं मात्र ज्याने त्याने सांभाळावं. गाडी दारातून गेली म्हणजे नावावरून गेली असं नाही. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत तिने केलेले सगळे उद्योग आपल्याच नावावर. चेसिस नंबर कागदाशी ताडून घ्यावा, आणि किल्ली देताना घाई करू नये.

न्यायला दोघं आले. त्यातला पोरगेला मुलगा आत बसला. मी सूचना सांगायला तोंड उघडलं, तोवर त्याने किल्ली घातली, एका दमात फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. अर्ध्यावर थांबणं नाही, पंपाचा आवाज ऐकणं नाही, काही नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं की ही चांगली गाडी ही बाई का काढतेय. मी गप्प. एवढी वर्षं जे शास्त्र म्हणून पाळलं ते नुसतं सोवळं होतं की काय, अशी शंका येऊन गेली.

टेम्पोच्या फळीवर चढवायला गाडी थोडी मागे घ्यायची होती. त्याने रिव्हर्स टाकला. तोच तो करकराट. पुन्हा टाकला, पुन्हा करकराट. खाली उभा असलेला दुसरा ओरडला. पोराने काच खाली करून मला विचारलं, "मावशी, रिव्हर्स पडत नाही का?"

पडतो, म्हटलं. मी अजिबात घाई न करता खिडकीपाशी गेले.