तुम्ही विचारलंत म्हणून: आजी पैसे घ्यायची का?

माझी आजी डोंबिवलीत पाळणाघर चालवायची असं सांगितलं की लोक आधी ‘अरे वा’ म्हणतात आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतात, “म्हणजे, पैसे घेऊन ना?” परवा एका लग्नातही कुणीतरी विचारलंच. पंगतीत बसून याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे देते.

हो, घ्यायची. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, पाकिटात. माझ्या आईकडूनही घ्यायची, माझे.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. रोज डोंबिवलीहून लोकल पकडायची, करी रोडला उतरायचं, असं त्यांचं वीस वर्षं चाललेलं. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, त्यांच्यावर आजोबांचा पूर्ण विश्वास होता. महिने गेले, वर्ष गेलं, पण गिरणीचं बोलावणं काही आलं नाही. घरात शिकणारी तीन मुलं. आजी चौथी पास. तिला मुलं वाढवता येत होती, आणि नेमकी तीच गोष्ट तेव्हा आमच्या गल्लीत लोकांना हवी होती.

कारण डोंबिवलीच्या बायका नोकऱ्यांना लागल्या होत्या. बँका, मंत्रालय, टेलिफोन खातं. सकाळी सव्वाआठच्या गाडीला लटकायचं आणि दिवेलागण उलटून गेल्यावर घरी यायचं. 1961 च्या कायद्यात बाळंतपणाची रजा 12 आठवडे होती. ती 26 आठवडे झाली 2017 मध्ये, आजी गेल्यावर तीन वर्षांनी. म्हणजे आजीकडे बाळं यायची ती अडीच-तीन महिन्यांची, मान नुकती धरू लागलेली. पहिलं बाळ शेजारच्या इमारतीतलं. त्याची आई दारात उभी राहून रडत होती आणि गाडी चुकेल म्हणून घड्याळही बघत होती. आजीने बाळ घेतलं आणि तिला म्हणाली, “तू जा. संध्याकाळी आलीस की तो किती वेळा रडला ते मी तुला सांगेन. खोटं सांगणार नाही.”

वही तिथून सुरू झाली. शंभर पानी, रेघांची. तारीख, मुलाचं नाव, आला किती वाजता, जेवला किती, शी, ताप, झोप, आणि शेवटच्या रकान्यात उशीर. साडेसातच्या पुढे कुणी न्यायला आलं तर अर्ध्या तासाला 2 रुपये जास्त, हा नियम. लोकांना तो कठोर वाटायचा. मला नाही वाटत. साडेसातनंतर तिचा स्वतःचा स्वयंपाक असायचा, सासूचं औषधपाणी असायचं, आणि त्या वेळेलाही काही किंमत आहे हे तिने दुसऱ्या कुणी सांगायची वाट पाहिली नाही.

आता माझ्या पाकिटाचं. 1990 साली माझा जन्म झाला, आईची रजा संपली आणि मीही त्याच खोलीत, साडीच्या झोळीत झोपायला लागले. पहिल्या महिन्यात आईने पैसे दिले नाहीत; तिला ते अपमान केल्यासारखं वाटलं असतं. आजीनेच मागितले. आई दुखावली. तेव्हा आजी म्हणाली, “अगं, बाकीच्या पोरांचे मी पैसे घेते. त्यांना भरवून, निजवून उरेल तो वेळ हिला द्यायचा का मी? हिचेही दे. मग हिचीही पाळी ठरलेली राहील.” आई हे मला अजूनही सांगते, आणि दर वेळी तिचा आवाज बदलतो.

तिचं काम कसं होतं, तेही सांगायला हवं. भात ती दोन बोटांत दाबून बघायची; कणी लागली तर पुन्हा शिजवायचा. वरणभातावर तूप, मेतकूट, चिमूटभर मीठ. झोपलेल्या प्रत्येक मुलाच्या पाठीखाली ती उलटा हात सरकवायची, ओलं आहे का, अंग तापलंय का, दोन्ही एकदम कळायचं. तो हात मला आठवतो. खरखरीत, खोबरेलाचा वास असलेला, आणि इतका सावकाश की जाग यायची नाही. खरं तर मला यायची. मी डोळे मिटून पडून राहायचे, हात परत येईल म्हणून.

आणि 26 जुलै 2005. मंगळवार. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस पडला हे नंतर कळलं. आम्हाला एवढंच कळत होतं की दुपारनंतर गाड्या बंद आहेत, वीज गेली आहे आणि फोन लागत नाही. मी पंधरा वर्षांची, घरात सात मुलं, आणि रात्रीचे नऊ वाजले तरी कुणाचीच आई आलेली नाही. माझीही नाही. दूध संपलं होतं. आजीने भाताची पेज केली, गूळ घातला. चार वर्षांचा एक मुलगा दाराला चिकटून बसला होता, हलेना. तिने त्याची समजूत घातली नाही. त्याच्या हातात बॅटरी दिली आणि म्हणाली, “मला दिसत नाही रे. मी पोरं मोजते, तू उजेड धर.” रात्रभर ती दर तासाला उठून डोक्यावर हात ठेवत मोजत राहिली. आठ. मला धरून. पहिल्या दोन फेऱ्यांना तो मुलगा बॅटरी घेऊन तिच्या मागे होता, मग तिथेच तिच्या पदरावर झोपला.

त्याची आई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. रात्र कुर्ल्याजवळ थांबलेल्या गाडीत काढलेली, मग रुळांवरून चाललेली, पाय सुजलेले. आजीने तिला आधी गरम पाण्यात पाय सोडून बसवलं, मग मुलगा मांडीवर दिला.

त्या वर्षाची वही माझ्याकडे आहे. 26 जुलैच्या पानावर सात नावं आहेत. पेज कुणी किती प्यायली ते वाट्यांत लिहिलंय, एकापुढे ‘अर्धी, नंतर पुन्हा मागितली’. उशिराचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा आहे.