संग्रहाची नोंद : काड्यांच्या डब्या, अंगुस्ताने आणि सुयांची घरे

मागच्या नोंदीनंतर नवी खरेदी जवळजवळ थांबवली आहे. हाती असलेल्या वस्तू भिंगाखाली धरून नीट वाचणे हेच काम सध्या चालू आहे, आणि ते खरेदीपेक्षा अधिक गुंतवून ठेवणारे निघाले. संग्रहाची व्याप्तीही आवळली आहे. खिशात बाळगायच्या आगकाड्यांच्या डब्या आणि शिवणकामाची बारीक साधने एवढेच यापुढे ठेवायचे असे ठरवले आहे. अत्तरदाण्या, तपकिरीच्या डब्या, गुंड्या वगैरे हळूहळू देवघेवीत जातील.

काड्यांच्या डब्यांचा काळ फार मोठा नाही. घासून पेटणारी काडी 1820च्या दशकात जॉन वॉकर याने प्रथम विकायला आणली आणि पुढे अशा काड्या कोणत्याही खरखरीत पृष्ठावर पेटू लागल्या. खिशात एकमेकींवर घासूनही त्या भडकत असल्यामुळे घट्ट झाकणाची धातूची डबी ही चैन नव्हती, गरज होती. डबीच्या तळाशी असलेली दातेरी पट्टी अशाच काड्यांसाठी असते. सुरक्षित काडीला पेटीवरचा तांबडा फॉस्फरस लागतो, त्यामुळे तिला या पट्टीचा उपयोग नाही. पेट्रोलचे लायटर रुळल्यावर या डब्या मागे पडल्या.

माझ्याकडील चांदीच्या डबीवर जहाजाचा नांगर, चालता सिंह आणि वर्ष सांगणारे अक्षर अशा, चांदी तपासल्यावर उमटवलेल्या खुणा आहेत. नांगर बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीचा आणि सिंह 92.5 टक्के शुद्धतेचा, हे बहुतेकांना ठाऊक असते. मला अधिक उपयोगी वाटते ती तेथे नसलेली खूण. 1784 ते 1890 या काळात इंग्लंडमधील चांदीवर कर भरल्याची निशाणी म्हणून राजाचे किंवा राणीचे मस्तक उमटवले जाई. या डबीवर ते नाही, म्हणून ती 1890 नंतरची धरून मी अक्षरांच्या तक्त्याकडे वळलो. तक्ता पाहताना अक्षराइतकाच त्याच्या भोवतीच्या ढालीचा आकार महत्त्वाचा असतो, कारण अक्षरे दर काही वर्षांनी फिरून येतात. शिवाय त्या काळी बर्मिंगहॅमचे अक्षर वर्षाच्या मध्यात बदलत असल्याने एका अक्षरात दोन सालांचे तुकडे येतात.

खुणांपेक्षाही मी झिजेवर अधिक भरवसा ठेवतो. खऱ्या वापरातल्या डबीची दातेरी पट्टी मधोमध झिजते, बिजागरीच्या खिळीत किंचित खेळ येतो, आणि कोरलेली नक्षी अंगठा टेकतो त्या ठिकाणी प्रथम पुसट होते. सगळीकडे सारखीच ‘जुनी’ दिसणारी डबी मी सरळ बाजूला ठेवतो. पुसट नक्षीच्या शेजारी मीनाकाम मात्र लख्ख आणि कोरदार असेल, तर ते साध्या डबीवर मागाहून चढवले असण्याची शक्यता बरीच. ओतीव नकला जड असतात आणि आतल्या कोपऱ्यांत बारीक छिद्रे दिसतात. पत्रा ठोकून घडवलेल्या डबीत ती सापडत नाहीत.

अंगुस्तान्यांमध्ये, म्हणजे शिवताना बोटावर घालायच्या टोप्यांमध्ये, या खेपेस एकच उल्लेख करण्याजोगा आहे. चांदी मऊ असल्याने सुईचा मागचा भाग तिच्यातून आरपार जाई. त्यावर इंग्रज जवाहीर चार्ल्स हॉर्नर यांनी 1884 साली चांदीच्या दोन थरांमध्ये पोलादाचा पत्रा घालण्याचे पेटंट घेतले. ‘डॉर्कस’ नावाने हे अंगुस्ताने ओळखले जातात. लोहचुंबक त्यांना ओढतो म्हणून कोणी ते मुलाम्याचे समजून फेकून देऊ नयेत. टोकाशी तांबूस ठिपके दिसले की चांदी झिजून पोलाद उघडे पडले असे समजावे आणि ओलावा तेवढा दूर ठेवावा.

मांडणीतला मोठा बदल म्हणजे सेल्युलॉइडच्या (सुरुवातीच्या काळातल्या एका प्लॅस्टिकच्या) सर्व वस्तू चांदी-पितळेपासून वेगळ्या केल्या. खराब होऊ लागलेले सेल्युलॉइड आम्लयुक्त वाफ सोडते, तिने शेजारचे पोलाद गंजते आणि पितळेवर हिरवी पुटे येतात. कापराचा उग्र वास आला किंवा पृष्ठावर जाळीदार भेगा दिसल्या तर ती वस्तू हवाबंद पेटीत कधीच ठेवू नये. व्हल्कनाइट, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेले रबर, हेही चांदी काळवंडवते. रबराची साधी फीतसुद्धा चांदीभोवती गुंडाळू नये. चकाकीबद्दल माझे मत संग्राहकांत सर्वांना पटत नाही: कोरीव कामाच्या खोलगटीतला काळेपणा मी काढत नाही, कारण नक्षी त्यामुळेच उठून दिसते आणि प्रत्येक पॉलिशबरोबर थोडी चांदी जातेच.

सध्या मेजावर इंग्लंडमधील रेडिचच्या विल्यम एव्हरी यांच्या धाटणीचे पितळी सुयांचे घर आहे. त्यावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची, नक्षीची सरकारी नोंदणी दाखवणारी ब्रिटिश खूण आहे. वरच्या कोपऱ्यात अंक आणि उजवीकडे अक्षर अशी रचना असल्याने ती 1868 ते 1883 या काळातली ठरते. अक्षर मात्र इतके घासले आहे की ते दोन-तीन प्रकारे वाचता येते. तिरप्या उजेडात वेगवेगळ्या बाजूंनी छायाचित्रे काढून पाहत आहे. अक्षर लागले तरी हाती येईल ते नक्षी नोंदवल्याचे साल. वस्तू त्यानंतर केव्हाही घडवलेली असू शकते, म्हणून यादीत तिच्यापुढे ‘या सालाआधीची नाही’ एवढेच लिहीन.