मोर्चा कळतो, मागणी कळत नाही

आकाशवाणी-दूरदर्शनचा विषय निघाला की नागपुरात मला हमखास विचारतात, ‘सरकारी बातम्यांत खोटं कुठे असतं? एक तरी दाखवा.’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. खोटं फारसं सापडणार नाही. काय सांगितलंच नाही, ते शोधा.

हिवाळी अधिवेशनच घ्या. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला नाहीतर टेकडी रोडला पोलीस अडवतात. खासगी एफएमवाल्यांना ‘सीताबर्डीकडे जाऊ नका, रस्ता जाम आहे’ एवढं सांगता येतं, कारण ट्रॅफिक बातमीत मोडत नाही. पण मोर्चातल्या बाया कुठून आल्यात, काय मागताहेत, हे आपला वार्ताहर पाठवून सांगायची त्यांना परवानगी नाही. बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, त्याही जशाच्या तशा. दिवसभर रेडिओ ऐकणाऱ्याच्या मनात मग मोर्चा म्हणजे रस्त्यातली अडचण, एवढंच उरतं. मत असंच घडतं आणि मला त्याचा राग येतो.

बातमी एकाच हातातून आली की काय होतं, हे आणीबाणीत उघड झालं. फेब्रुवारी 1976 मध्ये पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चार वृत्तसंस्था मोडून ‘समाचार’ ही एकच संस्था केली. ज्या छोट्या पत्रांना दिल्लीत वार्ताहर ठेवणं परवडत नव्हतं, त्यांना ताडून बघायला दुसरी बातमीच उरली नाही.

आज आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती स्वायत्त आहे की, असं म्हणाल. कायदा 1990 चा, अंमलात आला 1997 मध्ये. पण पगार केंद्राच्या अनुदानातून होतात आणि वृत्तविभागातले अधिकारी भारतीय माहिती सेवेचे, म्हणजे केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्याच केडरचे. त्यांच्या प्रामाणिकपणावर माझा आक्षेप नाही. बदली-बढती ज्याच्या हातात, त्याला अडचणीची ठरेल अशी बातमी माणूस कुणाचा फोन न येताही मागे ठेवतो.

खासगी वाहिन्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. सरकारी जाहिराती त्यांनाही हव्या असतात. पण तिथे निदान दुसरी वाहिनी लावता येते. रेडिओवर तीही सोय नाही. एफएमला तासाला 10 मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकाने 2023 मध्ये केली. ती मान्य व्हावी आणि एखाद्या गावापुरत्या-वस्तीपुरत्या चालणाऱ्या कम्युनिटी रेडिओलाही तीच मुभा मिळावी, एवढंच माझं मागणं आहे. चुकीची बातमी दिली तर बदनामीचा कायदा आहेच.