खारघरची खोली
साताऱ्याहून आत्या आणि काका ३ आठवड्यांच्या उपचारांसाठी खारघरच्या टाटा रुग्णालयात येणार आहेत, म्हणून आजचा रविवार त्यांच्यासाठी खोल्या पाहण्यात गेला. वाशी स्टेशनलगतची हॉटेले एका रात्रीसाठी कामानिमित्त येणाऱ्याला सोयीची आहेत, परंतु ३ आठवडे तेथे राहणे काकांच्या निवृत्तिवेतनात बसणारे नाही. तुर्भ्याजवळचे एक लॉज स्वस्त होते. मात्र भिंतीला ओल होती, लिफ्ट नव्हती, आणि उपचारांनी थकलेल्या माणसाने तो अरुंद जिना रोज कसा चढावा, या विचाराने मी तेथूनच परतलो.

अखेर खारघरमध्येच, २०२३ मध्ये सुरू झालेल्या बेलापूर-पेंधर मेट्रोच्या एका स्थानकाजवळ, तळमजल्यावरची खोली मिळाली. ओट्यावर दोन बर्नरची शेगडी आहे, खिडकीबाहेर कपडे वाळत घालायला दोरी आहे. काकांच्या पथ्याचा मऊ वरणभात आत्याला स्वतःच्या हाताने करता येईल, हे मला भाड्यातल्या बचतीपेक्षाही मोलाचे वाटते.

मुंबई पाहायला मुलांसह येणाऱ्या चुलतभावाला मात्र मी ठाणे स्टेशनजवळ राहायला सांगितले आहे, कारण तेथून जलद लोकल थेट सीएसएमटीला जाते.

खोलीची आगाऊ रक्कम दिली असून किल्ली आता माझ्याकडे आहे.